पागोट्यावरून माणूस ओळखणारी चित्रं

प्रश्न : आमच्या शाळेच्या वाचनालयात एका जुन्या चित्रसंग्रहात दोमिए नावाच्या फ्रेंच चित्रकाराची चित्रं पाहिली. भाडेकरू आणि घरमालक, कोर्टातले वकील, आगगाडीच्या डब्यात कोंबलेली माणसं. सगळ्यांची टर उडवलेली, पण पुन्हा पुन्हा बघावीशी वाटणारी. खाली लिहिलं होतं की ही चित्रं दगडावरून छापली आहेत. दगडावरून चित्र कसं छापतात? शहरातल्या रोजच्या जगण्याची अशी थट्टा करणारी चित्रं त्या काळी आपल्या मुंबई-ठाण्याकडे निघत होती का? आणि ज्यांची थट्टा व्हायची तेच लोक पैसे मोजून ती विकत का घ्यायचे? – एक वाचक, पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत अवघड आहे आणि मला सर्वांत आवडलेलाही तोच. पण त्याच्यापर्यंत जायची वाट दगडावरूनच जाते, म्हणून आधी दगड.

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात झोल्नहोफेन नावाचं गाव आहे. तिथे अतिशय बारीक कणांचा, एकसारखा, फिकट पिवळसर चुनखडक सापडतो. म्युनिकमध्ये राहणाऱ्या आलोईस झेनेफेल्डर या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. तांब्याचे पत्रे परवडत नव्हते, म्हणून तो या दगडावर काही ना काही करून बघत होता. १७९६ साली धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती मेणाच्या शाईने दगडावरच उतरवली, आणि तिथून पुढचं सगळं सुचत गेलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. दोन-तीन वर्षांत तंत्र पक्कं झालं. आपल्याकडे त्याला शिळाछाप म्हणत. पुस्तकी नाव शिळामुद्रण.

या तंत्रात दगड कोरायचा नसतो. सगळी किमया तेल आणि पाणी यांच्या वैरात आहे. दोन दगड एकावर एक ठेवून मध्ये वाळू आणि पाणी घालून घासतात, म्हणजे वरचा भाग सपाट आणि किंचित खरखरीत होतो. त्यावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या कांडीने चित्र काढतात. मग डिंकाच्या पाण्यात नत्राम्लाचे थेंब मिसळून ते पाणी वरून फिरवतात. जिथे कांडी टेकली तिथे दगड तेलकट राहतो, बाकीच्या मोकळ्या भागात डिंक बसून तो पाणी धरू लागतो. आता ओल्या बोळ्याने दगड पुसला आणि तेलकट शाईचा रूळ फिरवला, की ओला भाग शाई झिडकारतो आणि रेघ तेवढी शाई घेते. वर कागद ठेवून दाबाखालून काढला की चित्र कागदावर, पण उलटं. म्हणून दगडावर काढतानाच सगळं उलटं काढावं लागतं, अक्षरं तर हमखास.

यात एक गोष्ट फार मोलाची होती. लाकडावर किंवा तांब्यावर चित्र छापायचं तर चित्रकार कागदावर काढायचा आणि कोरणारा कारागीर ते पुन्हा आपल्या हाताने कोरायचा. दगडावर मात्र चित्रकाराची रेघ थेट उमटायची, तिच्या थरथरीसकट आणि घाईसकट. सकाळी रस्त्यावर दिसलेलं दृश्य रात्री दगडावर आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागदावर. पॅरिसला ‘ल शारिव्हारी’ हे पत्र १८३२ च्या डिसेंबरात सुरू झालं. त्यात रोज एक नवं चित्र असे. छापखान्याचे दगड दोमिएच्या घरी पोहोचते व्हायचे आणि चित्रं काढून झाली की परत जायचे. छपाई संपली की तोच दगड पुन्हा वाळू घालून घासायचा, जुनं चित्र पुसून टाकायचं आणि नव्यासाठी कोरा करायचा. दोमिएची चार हजारांच्या आसपास शिळाचित्रं आज माहीत आहेत. त्यांचे बहुतेक दगड असेच घासून कोरे झाले.

ओनोरे दोमिए १८०८ साली मार्सेयला जन्मला. घरची गरिबी, म्हणून पोरवयातच तो कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्या म्हणून लागला. काळे झगे घातलेले वकील, त्यांच्या मागे हेलपाटे घालणारी अशिलं, पुराव्याचे कागद छातीशी धरून बसलेल्या बाया हे सगळं त्याने तेव्हाच पाहिलं आणि जन्मभर विसरला नाही. चाळीस-एक वर्षांचा होईतो त्याने ‘न्यायाची माणसं’ ही मालिका केली. तिच्यातले वकील बघा. अशिलासाठी गळा काढून रडणारा वकील रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून न्यायाधीशाकडे बघतो.

पण त्याची सुरुवात कोर्टातल्या गमतीपासून झाली नाही. राजा लुई फिलिपला त्याने अवाढव्य खादाड राक्षस म्हणून काढलं, गोरगरिबांच्या टोपल्यांतला पैसा गिळणारा. त्या चित्रासाठी १८३२ साली त्याला सहा महिन्यांची कैद झाली. त्याचा संपादक शार्ल फिलिपों राजाचं तोंड नासपतीसारखं काढायचा आणि पॅरिसची पोरं भिंतीभिंतीवर नासपत्या काढत सुटायची. १८३५ च्या जुलैत राजावर प्राणघातक हल्ला झाला. त्याचं निमित्त करून सप्टेंबरात कडक कायदे आले आणि राजकीय व्यंगचित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागू लागली. दोमिएची वाट बंद झाली. तेव्हा तो वळला तो शहराकडे. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला दारातूनच वाटेला लावणारा घरमालक, खोट्या कंपन्यांचे शेअर विकणारा भामटा, नदीवरच्या स्नानगृहात पोट सावरत उतरणारे शेठ, चित्रांच्या प्रदर्शनात जांभया देणारे रसिक. सत्तेने तोंड बंद केलं म्हणून त्याच्या हातून रोजच्या जगण्याचं एवढं मोठं चित्रण झालं. त्या कायद्यांचं समर्थन मी करत नाही. पण हा इतिहास ठाऊक असला, की त्या घरमालकाच्या चित्रातही कुठेतरी राजा बसलेला दिसतो.

त्याने सगळ्यांना सारखं वागवलं असं मात्र नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांवर १८४४ साली त्याने जी मालिका काढली, ती मला आजही बोचते. पोर टबात बुडतंय आणि आई लिहिण्यात दंग, अशी ती चित्रं. हात तोच, रेघ तीच, पण दुर्बळाच्या बाजूला उभं राहणारी नजर तिथे कुठे दिसत नाही. थट्टेच्या चित्रांचा इतिहास वाचताना थट्टा कोणाची केली आणि कोणी केली हे दर वेळी विचारावं लागतं. आपल्याकडची उदाहरणं बघतानाही ते विसरू नये.

आता मुंबई. हा दगड मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशातच पोहोचला. सरकारी कामासाठी आणि मिशनऱ्यांच्या पुस्तकांसाठी शिळाछाप सुरू झाली आणि अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करताना गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाने ती विद्या बघून-बघून आत्मसात केली. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध केलं, त्यात या माणसाची हकिकत येते. त्याने लाकडी दाब स्वतः बनवला, दगडाचे तुकडे मिळवून प्रयोग केले, शाई स्वतः तयार केली. पुढे त्याच्या छापखान्यातून निघालेलं पंचांग घरोघरी गेलं. छापील कागदाला शिवायला कर्मठ मंडळी कचरायची, कारण शाईत चरबी. त्या मंडळींच्या हाती छापील पंचांग जाणं ही मोठी गोष्ट होती. शिळाछापीचा आणखी एक फायदा आपल्याला झाला. बालबोध किंवा मोडी अक्षराचे शिशाचे खिळे ओतायची गरज नव्हती. सुंदर हस्ताक्षराचा लेखक मिळाला की तो सगळं पान एकहाती लिहायचा आणि तेच छापलं जायचं, चित्र आणि मजकूर एकाच दगडावर.

म्हणजे साधन होतं. मग दोमिएसारखी चित्रं? ती आली साप्ताहिकांतून, आणि मराठीच्या शेजारच्या घरात आधी. १८४१ साली लंडनला ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघालं होतं. १८५४ साली मुंबईत ‘पारसी पंच’ सुरू झालं. ‘पंच’ हे नाव लावून हिंदुस्थानात निघालेल्या पत्रांत ते फार आधीचं. पुढे बरजोरजी नवरोजी यांच्याकडे आल्यावर त्याचा पसारा वाढला आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं नाव ‘हिंदी पंच’ झालं. गुजराती आणि इंग्रजी असा दुहेरी मजकूर, आणि पानभर व्यंगचित्रं. मुंबई म्युनिसिपालिटी, तिची बिलं, तिची गटारं, काँग्रेसची अधिवेशनं, गव्हर्नरांची येणी-जाणी, १८९६ च्या प्लेगानंतरची धावपळ, सगळं त्यात येई. राक्षस, देवी, दशावतार यांची जुनी रूपं घेऊन त्यांच्या हाती नव्या भानगडी द्यायच्या, हा त्यांच्या चित्रकारांचा आवडता डाव. लंडनच्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’मध्ये संपादक विल्यम स्टेडने ‘हिंदी पंच’ची चित्रं पुन्हा छापली आणि मुंबईची थट्टा विलायतेत वाचली गेली.

तुमचा प्रश्न ठाण्याबद्दलही आहे, आणि त्याचं उत्तर देताना मला विशेष आनंद होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होता आणि इंग्रजी अमदानीतही मोखाड्याचा कारभार ठाण्याकडेच होता. त्या ठाण्यात काशिनाथ विष्णू फडके यांनी १८६६ साली ‘अरुणोदय’ काढलं आणि १८७० च्या दशकात त्याच शहरातून ‘हिंदू पंच’ नावाचं मराठी विनोदी साप्ताहिक निघू लागलं. मुंबईचं ‘हिंदी पंच’ वेगळं, ठाण्याचं ‘हिंदू पंच’ वेगळं. नावांतल्या सारखेपणामुळे अनेक जण दोन्ही एकच समजतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे कलेक्टर कचेरी आणि तुरुंग यांच्याभोवतीच सगळं गाव फिरतं, तिथे थट्टेला वाहिलेलं पत्र चालावं, याचं मला फार कौतुक वाटतं. तो काळही सोपा नव्हता. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना जखडणारा कायदा आणला. तो १८८२ मध्ये मागे घेतला गेला, पण मधल्या काळात प्रत्येक संपादकाला आपल्या ओळीकडे दोनदा बघावं लागलं. पॅरिसला १८३५ मध्ये जे झालं तेच इकडे वेगळ्या नावाने झालं.

हे लोण मुंबई-ठाण्यापुरतं नव्हतं. लखनौचं ‘अवध पंच’ १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसैन यांनी काढलं. ते उर्दूत आणि शिळाछापीवर निघत असे. नस्तालीक लिपीचं वळण खिळ्यांत नीट बसत नव्हतं, म्हणून उर्दूला दगडाची साथ मराठीपेक्षा कितीतरी जास्त काळ लाभली. कलकत्त्याच्या ‘बसंतक’ने १८७४ पासून तिथल्या म्युनिसिपालिटीची खबर घेतली.

पण साप्ताहिक विकत घेणं वेगळं आणि थट्टेचं चित्र घराच्या भिंतीवर लावणं वेगळं. भिंतीवरचं उदाहरण कलकत्त्याला सापडतं. कालीघाटच्या देवळाबाहेर पटुआ चित्रकार देवाची चित्रं यात्रेकरूंना पैशा-दोन पैशाला विकायचे. त्याच फटकाऱ्यात त्यांनी शहरातले बाबूही रंगवले. भांग पाडलेला, पायात बकलाचे बूट घातलेला बाबू आणि त्याला मेंढा करून दोरीने नेणारी त्याची मैत्रीण. कपाळी टिळा लावलेलं आणि तोंडात कोळंबी धरलेलं मांजर, म्हणजे भोंदू वैष्णव. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताचं प्रकरण गाजलं. महंताने एलोकेशी या तरुण बाईला फसवलं आणि तिच्या नवऱ्याने, नवीनने, मासे कापायच्या विळीने तिचा गळा चिरला. खटल्यानंतर महंताला तीन वर्षांची कैद झाली. या प्रकरणाच्या चित्रमालिका बाजारात आल्या आणि बटतला भागातल्या लाकडी ठशांच्या छापखान्यांनीही ती चित्रं काढली. इथेही पुष्कळ चित्रांत हसू उडवलंय ते बाईचं, हे नोंदवून ठेवतो. कालीघाटची अशी अनेक चित्रं जॉन लॉकवुड किपलिंग यांनी जमवली होती. १८६५ साली ते मुंबईला आले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलं आणि १८७५ मध्ये लाहोरला गेले. त्यांच्या मुलाने, लेखक रड्यार्ड किपलिंगने, ती चित्रं १९१७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिली.

महाराष्ट्रातल्या भिंतींवर त्या काळी वेगळीच चित्रं आली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. रामपंचायतन, नाना फडणवीस, शिवाजी महाराज यांची रंगीत शिळाचित्रं तिथून गावोगाव गेली. लोकांना अभिमान वाटावा हा तिचा हेतू होता, हसवण्याचा नव्हे. गेलेल्या राज्याचं दुःख ताजं असताना तसंच होणार. हसण्यासाठी मराठी माणसाकडे तमाशातला सोंगाड्या होता, आणि मुंबईच्या नाट्यगृहांत मुख्य नाटकानंतर होणारे फार्स होते. बाबूची जी टर कलकत्त्यात कागदावर उडाली, तीच आपल्याकडे रंगभूमीवर उडत होती.

आता तिसरा प्रश्न : लोक स्वतःचीच थट्टा विकत का घेत?

माझं उत्तर असं आहे. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, कापसाचे भाव आकाशाला भिडले होते आणि शेअरच्या वेडाने देशभरातून माणसं मुंबईत लोटली होती. १८६५ मध्ये तो फुगा फुटला आणि १८७२ च्या खानेसुमारीत आकडा ६,४४,४०५ वर आला. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी झाली. अशा शहरात शेजारी कोण आहे, उद्या असेल का, हे कोणालाच ठाऊक नसतं. पोशेऱ्यात माणूस समोर आला की तुम्हाला त्याचं नाव, पाडा, त्याच्या बापाचा स्वभाव आणि त्याची उधारी सगळं माहीत असतं. मुंबईत १८६० साली समोरून येणाऱ्या माणसाबद्दल माहीत असे ते फक्त त्याचं पागोटं. पारशाची चकचकीत, मागे झुकलेली पगडी, भाटियाची शिंगासारखं टोक काढलेली, पाठारे प्रभूची वेगळी, पुणेरी ब्राह्मणाची वेगळी, कोळ्याची टोपी आणखी निराळी. पायात चढाव की बूट, अंगात बाराबंदी की कोट, हातात छत्री आहे का, असली तर उघडून धरलीय की काखेत मारलीय. या खुणांवरून क्षणात ठरवायचं की या माणसाशी कसं बोलायचं, त्याच्यावर विश्वास टाकायचा की नाही. मुंबईत राहायचं तर ही विद्या प्रत्येकाला शिकावीच लागे, आणि पॅरिसला तर त्याच्याही आधी शिकावी लागली होती.

थट्टेचं चित्र हे त्या विद्येचं पुस्तक होतं. शंभर वकील बघून दोमिएने एक वकील काढला आणि चित्र बघणाऱ्याला वाटलं, ‘अरे, हा तर मी बघितलाय.’ हसू तिथून येतं. ज्याची थट्टा झाली त्यालाही ते चित्र शेजाऱ्याचंच वाटतं, स्वतःचं सहसा वाटत नाही. घरमालकाने चित्र घेतलं ते पलीकडच्या गल्लीतल्या घरमालकाचं समजून. आणि अनोळखी गर्दीत आपणही कोणीतरी आहोत, आपल्या टोपीलाही एक ओळख आहे, हे कागदावर छापलेलं बघण्यात एक दिलासा असतो. राजाची चित्रं लोक रागाने विकत घेत. घरमालकाची, भाडेकरूची चित्रं ते या ओळखीसाठी घेत, असं माझं मत आहे.

ही विद्या तुम्हाला परकी नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात संबळ-सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात सोंग दुरून येताना दिसलं, की मुखवट्याचा रंग, मुकुटाचा घाट आणि चाल यांवरून शारदा आली की महिषासुर आला हे तुमच्याकडचं लहान पोरही सांगतं. चेहरा झाकलेला असतो आणि तरीही ओळख पटते. दोमिए आणि मुंबईचे चित्रकार खुणांवरून ओळख पटवण्याचं हेच काम करत होते, फक्त देवांच्या जागी त्यांच्याकडे वकील, शेठ आणि शिपाई होते.

मराठी हातांपैकी या कामात मला सर्वांत वरचा वाटतो तो महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा. कोल्हापूरला १८६७ साली जन्म, १८९० मध्ये जे. जे. स्कूलमध्ये प्रवेश, आणि मग तिथेच शिक्षक म्हणून हयात. त्याची हकिकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. देवादिकांची आणि इतिहासातल्या प्रसंगांची मोठमोठी चित्रं त्यांनी काढली आणि त्यांना मान मिळाला तो मुख्यतः त्यांमुळे. मला मात्र त्यांची लहान कामं जास्त जवळची. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी पोस्टकार्डांसाठी मुंबईची माणसं काढली आणि ती रंगीत शिळाछापीवर निघाली. पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी त्यांनी गल्लीबोळांतली माणसं रेखाटली. दोमिएसारखा बोचरा चिमटा त्यांत नाही. धुरंधरांना माणसं आवडतात, हे प्रत्येक रेघेत दिसतं. नऊवारीचा काष्टा चालताना कसा ताणतो, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान कशी ताठ राहते आणि कंबर कशी हलते, हे त्यांच्याइतकं बिनचूक कोणी टिपलेलं नाही. त्याच्या कितीतरी आधी विल्यम जॉन्सनसारख्यांनी मुंबईच्या जातीजमातींचे फोटो काढून ठेवले होते, पण त्यातली माणसं कवायतीला उभी केल्यासारखी दिसतात. धुरंधरांची माणसं घाईत असतात, त्यांना कुठेतरी जायचं असतं.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठा. १८७२ साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी उघडलं. मुंबईतल्या नाना जातीजमातींचे आणि धंद्यांचे मातीचे लहान पुतळे तिथे आहेत. त्यांची डोकी बघा. वर ज्या पागोट्यांबद्दल लिहिलं ती तिथे रंगासकट सापडतील. मोखाड्याहून खोडाळ्यामार्गे कसारा आणि तिथून लोकलने भायखळा, असा रस्ता तुम्हाला सोयीचा पडेल. प्रवासात डब्यातली माणसंही बघत जा. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि त्याच्या दहा वर्षं आधीपासून दोमिए आगगाडीची चित्रं काढत होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली टोपली घेतलेली म्हातारी आणि मूल पाजणारी आई ही पुढे त्याने तैलरंगातही रंगवली. त्या चित्रात कोणाचीही थट्टा नाही.

शिळाछाप घरी करून बघायची असेल तर दगडाचीही गरज नाही. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल एका गुळगुळीत फळीवर किंवा जाड काचेवर चिकटपट्टीने ताणून बसवा, फिकी बाजू वर ठेवा आणि तिला बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नका. तेलकट खडूने किंवा कोरड्या साबणाच्या टोकाने चित्र काढा. मग कोणतंही कोला पेय त्यावरून सगळीकडे काही सेकंद ओता. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, ते इथे नत्राम्लाचं काम करतं. पाण्याने धुवा. खाण्याच्या तेलाच्या थेंबाने खडू पुसून काढा. चित्र दिसेनासं होईल, पण घाबरू नका, ते पत्र्यात बसलेलं आहे. ओल्या स्पंजाने पत्रा पुसा आणि तो ओला असतानाच छपाईची तेलकट शाई रुळाने पातळ फिरवा. चित्र परत वर येईल. मोकळ्या जागी शाई धरली तर ओल्या स्पंजाने टिपा आणि पुन्हा रूळ फिरवा. किंचित दमट कागद ठेवून चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखा दाब द्या. पहिले एक-दोन छाप फिके येतात, तिसऱ्या-चौथ्यापासून रेघ भरू लागते. पत्रा फार नाजूक असतो, त्यामुळे एका चित्राचे मोजकेच छाप निघतात.

विषयासाठी लांब जायला नको. मोखाड्याच्या आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडवर तासभर बसा. सुरुवातीला चेहरे काढू नका. डोक्यावर काय आहे, टोपी, टॉवेल, पदर की हेल्मेट, आणि हातात काय आहे, कोयता, पिशवी, फाइल की मोबाइल, एवढंच टिपा. कचेरीतून बाहेर पडणारा साहेब आणि त्याच्या मागे कागद घेऊन चालणारा माणूस यांच्यात किती अंतर असतं तेही बघून ठेवा. मजकूर घालायचा असेल तर अक्षरं आरशात बघून उलटी उतरवा आणि रफाराची, वेलांटीची बाजू कागदावर आधी तपासून घ्या.